भोकं खाली ठेवजा

श्यामसुंदररावांनी एकाहत्तराव्या वर्षी पाठीवर घर असलेली गाडी विकत घेतली तेव्हा विश्रांतवाडीतली अख्खी गल्ली हसली. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. १९८४ सालची मॅटाडोर, मागे पत्र्याची खोली बांधलेली, आत एक पलंग, हातभर ओटा आणि कपाटाएवढी मोरी. कुणा हौशी डॉक्टरांनी हिमालयात जायचं म्हणून करवून घेतली होती. डॉक्टर वारले, मुलं परदेशी गेली आणि गाडी बंगल्यामागच्या आंब्याखाली तशीच पडली. समोरच्या शैलाताईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. वानप्रस्थाश्रम, तोही चाकांवर." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

बाईंना त्या गाडीत हिमालय दिसत नव्हता. त्यांना अकोट दिसत होतं.

अकोट, तिकडे वऱ्हाडातलं, त्यांचं माहेर. आई लहानपणीच गेली. थोरल्या बहिणीनं, दुर्गाताईनं, वाढवलं आणि तिनंच लग्न लावून पुण्याला पाठवलं. आता अधिक महिन्यात लेकी-जावयाला जोडीनं घरी बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. अधिक काही दर वर्षी येत नाही, तीन वर्षांनी एकदा उगवतो. श्यामसुंदरराव पहिल्या अधिकाला, अठ्ठ्याऐंशी साली, गेले होते. शाळेत मराठी शिकवणारे गृहस्थ. पंगतीत त्यांनी "कृपया जरा वरण वाढता का" असं काहीसं म्हटलं, आणि तिकडची पोरं दोन दिवस "कृपया, कृपया" करत त्यांच्या मागे फिरली. एक म्हातारी तर तोंडावरच म्हणाली, जावई बोलते का बातम्या सांगते? झालं. गडी जो रुसला तो पस्तीस वर्षं रुसला.

पुढचे बारा अधिक कोरडे गेले. कधी परीक्षा, कधी कंबर, आणि काहीच नसलं की, "तुमच्याकडची संडासाची सोय मला जमत नाही." बाई एकट्याच जाऊन येत. पण वाण जोडीला असतं, एकट्या बाईला कसलं वाण देणार? दुर्गाताई तरीही दर अधिकाला तांदूळ भिजत घालायची. उगाच आस.

म्हणून गाडी आली त्या दिवशी श्यामसुंदरराव सहज बोलून गेले, "आता स्वतःचं अंथरूण, स्वतःची मोरी. तुझ्या अकोटलासुद्धा नेतो तुला. त्यांच्या अंगणात लावू आणि आपल्या घरात झोपू," तेव्हा बाई भाजी निवडता निवडता थांबल्या. सदतीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपण होऊन अकोटचं नाव कधी काढत नव्हता. त्यांनी त्याच दुपारी फोन लावला.

"घर घेऊनच येते काय जावई?" दुर्गाताई हसत सुटली. ती त्र्याऐंशी वर्षांची. "येऊ दे. औंदा अधिक श्रावण हाये. येवढं येक वाण माह्या हातानं देऊ दे, मंग सुटली मी."

अडचण एकच होती. गाडी गळत होती. नुसती नाही, चाळणीसारखी. छतावर नळी धरली की पलंगावर धार, खिडकीवर धरली की ओट्याखाली तळं. भर पावसाळ्यात सहाशे किलोमीटर जायचं तर आधी तिला बुजवणं आलं. श्यामसुंदररावांनी मोबाइलवर इंग्रज लोकांचे बारा व्हिडिओ बघितले, वहीत टिपणं काढली आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून हडपसरहून नागोरावांना बोलावलं.

नागोराव एका शेडमध्ये बसच्या बॉड्या बांधत. पन्नाशीचे, सुकट अंगाचे, कानाला पेन्सिल. त्यांनी गाडीला हात लावला, बोटानं जुना कडक झालेला डिंकासारखा थर खरवडला आणि म्हणाले, "लै जुना माल हाय. पन गाडी गयते म्हून फेकाची नाही."

"गळते," श्यामसुंदरराव म्हणाले.

"हो ना, गयते."

"ळ. गळते. जीभ टाळूला लावा."

नागोरावांनी जीभ कुठेच लावली नाही. ते शिडी आणायला गेले. आत चहा टाकत असलेल्या मंदाकिनीबाईंनी मात्र ते बोलणं ओळखलं. चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "कुठले हो तुम्ही?"

"चोहोट्ट्याचा, ताई. अकोटच्या अलीकडं."

"माझं माहेर अकोट."

"मंग त आपल्या घरच्याच झाल्या न तुमी," नागोराव म्हणाले, आणि बाईंच्या तोंडून कधी नव्हे ते निघून गेलं, "होय न जी."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अशाच बोलायच्या. "मी येऊन राहिले" म्हटलं की नवरा विचारायचा, "येऊन कुठे राहिलीस?" पाहुण्यांसमोर. हसत हसत. वर्षभरात बाईंनी ते सगळं बोलणं गुंडाळून ठेवलं आणि पुण्याचं शिकल्या. इतकं चांगलं शिकल्या की शैलाताई त्यांना नारायण पेठेतल्या समजायच्या. नवऱ्याला याचा अभिमान होता. बाईंना त्याचा राग होता, पण हा राग असा की तो कुणाला सांगायची सोय नाही. शुद्ध बोलायला शिकवलं, यात वाईट काय केलं? असं कुणीही म्हटलं असतं.

मे महिनाभर काम चाललं. आधी सगळ्या पट्ट्या उपसल्या, स्क्रू काढले, गंजलेले फेकले. छताच्या सांध्यांतला जुना थर खरवडून रॉकेलनं पुसला. मग सांध्यासांध्यात काळी चिकट पट्टी दाबून बसवली, वर सीलंट. खिडक्यांची रबरं नवी. नागोराव सांगायचे, "पानी जिथं दिसते तिथून येत नाही, ताई. घुसते वरतून, भितीतून चालत जाते, अन् टपकते भलतीकडंच." मग परीक्षा. नागोराव सांधे तपासायला शिडीवर, श्यामसुंदरराव बाहेर नळी धरून, आणि बाई आत बॅटरी घेऊन.

"आलं का?" बाहेरून आवाज.

"नाही."

"आता?"

"थांबा. हो, आलं. खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात."

"शाबास."

खोटं कशाला बोला, ते दहा-बारा दिवस बरे गेले. नवराबायको एकाच कामात होते, एकमेकांना हाका मारत होते. बाईंनी पलंगाला नवी चादर शिवली. नवऱ्यानं अकोटच्या वाटेवर मुक्काम कुठे करायचा याचा तक्ता केला. एकदा तर ते म्हणाले, "तुझ्या ताईला साडी घ्यायची का?" बाई त्या दिवशी लक्ष्मी रोडला जाऊन साडी घेऊन आल्या. बेत बदलायच्या आत काम उरकलेलं बरं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नागोरावांच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न निघालं. काम जवळजवळ झालं होतं. भिंतींच्या तळाशी चहूकडून फिरणारी ॲल्युमिनियमची पट्टी तेवढी परत बसवायची होती. "ते काय, मीसुद्धा बसवीन," श्यामसुंदरराव म्हणाले. त्या दिवशी ते बँकेत गेले असताना नागोरावांनी सामान आवरलं, एक चिठ्ठी लिहून काचेला चिकटवली आणि गावाकडची दिवसाची गाडी गाठायला निघून गेले.

चिठ्ठीत एवढंच होतं: "सर, खालची पट्टी बसवाल तवा पट्टीतले भोकं खाली ठेवजा. बाकी समदं बुजवा."

श्यामसुंदरराव चष्मा लावून व्हरांड्यात बसले. खिशातून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी ते पेन खिशात असतंच. 'पट्टीतले'ला गोल केला आणि वर 'पट्टीतली' लिहिलं. 'तवा'ला गोल. 'ठेवजा'ला दोन गोल. मग मान हलवून हसले. "भोकं खाली ठेवजा. पट्टी उलटी बसवू नका, भोकांची बाजू खाली येऊ द्या, एवढंच सांगायचंय गृहस्थाला. केवढी ती कसरत."

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना पहिल्याच झटक्याला कळलं. अकोटात खुर्ची खाली असते, डबा खाली असतो, पोट खाली असतं. खाली म्हणजे रिकामं. भोकं रिकामी ठेवा, बुजवू नका, एवढं साधं तो माणूस सांगून गेला होता. आणि तसं बघितलं तर पुण्यातही जागा खाली करा म्हणतात, तेव्हा घर जमिनीत पुरायला सांगत नाहीत. पण मास्तरांना ते त्या क्षणी आठवेल कसं? चूक शोधायला बसलेल्या माणसाला अर्थ दिसत नाही.

"अहो, खाली म्हणजे..." बाई बोलू लागल्या.

"खाली म्हणजे खाली."

"तसं नाही, आमच्याकडे..."

"मंदाकिनी, मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलंय. खाली या शब्दाचा अर्थ मला तू सांगणार?" आणि वर हसून, "तुमच्याकडे काय, चमचा म्हणजे झाडूसुद्धा असेल."

बाई गप्प बसल्या. आजवर हजारदा गप्प बसल्या होत्या, पण ते गप्प बसणं वेगळं होतं. या खेपेला त्यांच्या मनात स्पष्ट आलं: बुजव. बुजव बाबा. येऊ दे पाणी चार थेंब, तो नागोराव येईल, तुझ्या तोंडावर सांगेल खाली म्हणजे काय ते, आणि मी नुसती चहा घेऊन उभी राहीन. एकदा. आयुष्यात एकदा तुला चुकलेलं मला बघायचंय. त्यांना वाटलं, फार तर काय, दहा मिनिटांचं काम, भोकं पुन्हा मोकळी करायची. नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, म्हणतात ना, त्यातली गत. इथे तर सवतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदररावांनी पट्टी बसवली. भोकं बरोबर खाली. आणि मग, माणूस पडला काटेकोर, चाकांचं पाणी उडून आत जाईल म्हणून त्यांनी गन घेऊन एकेका भोकात सीलंट भरलं, बोटानं गुळगुळीत केलं. बाई खिडकीतून बघत होत्या. मोजत नव्हत्या, पण वीस-बावीस असतील.

आणि गंमत अशी की पाऊस लागला तरी आत थेंब आला नाही.

जूनअखेर गेली, जुलै लागला. आत सगळं कोरडं. श्यामसुंदररावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी शैलाताईंना आत नेऊन पलंगावर बसवलं. "एक थेंब नाही. मुळात कामाला शिस्त लागते." नागोरावांचं नाव त्यांनी घेतलं नाही. बाईंना आधी चुटपुट लागली, मग वाटलं, बरंच झालं. भोकांचं काही खरं नसेल. आपण उगाच वाईट चिंतलं आणि देवानं ते मनावर घेतलं नाही. त्यांनी गणपतीला नारळ फोडला. दोन ऑगस्टला निघायचं ठरलं. दुर्गाताईनं तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गूळ घालून पीठ मुरत ठेवल्याचा फोन आला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाई चादर घालायला आत गेल्या आणि त्यांना वास आला. ओल्या गोणपाटाचा. त्यांनी पलंगाकडच्या भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती आणि थोडी पुढे आली होती, भाकरी फुगावी तशी.

"अहो, भिंत फुगल्यासारखी वाटतेय."

"वाटतेय," श्यामसुंदरराव पेपरातून म्हणाले. "तुला पुष्कळ गोष्टी वाटतात. नवं सीलंट आहे, वास येणारच."

आता बघा, इथे सांगायला हवं होतं. अजून दोन आठवडे हातात होते. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मला दीड महिन्यापूर्वीच माहीत होतं? आणि मग ते विचारणार, मग बोलली का नाहीस. दिवसामागून दिवस ती गोष्ट जड होत गेली. बाई रोज सकाळी ठरवायच्या आज सांगते, आणि संध्याकाळी स्वतःला समजवायच्या की नुसता वास तर आहे. शेवटी त्यांनी गाडीत उदबत्ती लावली.

एक ऑगस्टला दुपारी श्यामसुंदरराव गादी घेऊन आत चढले. पलंगाच्या कडेवर पाय देऊन गादी भिंतीकडे लोटली, आणि भिंतीला बोल्ट मारून बसवलेला पलंग भिंतीसकट खाली आला. ते सावरले, पण उजवा पाय घोट्यापर्यंत फळीत घुसला. आतून काळं पाणी निघालं. घमेलंभर भुसा निघाला, तो कधीकाळी प्लायवुड होता. बाई धावत आल्या. पायाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण पलंग गेला होता, तळाची फळी गेली होती, आणि चाकावरची लाकडी चौकट बोटानं दाबली की आत जात होती. ही गाडी सहाशे किलोमीटर काय, आळंदीलासुद्धा जाणार नव्हती.

"बोलवा त्या माणसाला," श्यामसुंदरराव म्हणाले.

नागोराव दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून आले. श्यामसुंदरराव व्हरांड्यात पाय वर घेऊन बसले होते आणि ते येताच सुरू झाले. बेजबाबदारपणा, फसवणूक, हल्लीचे कारागीर. नागोरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते गाडीशी उकिडवे बसले, खालच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, खिशातून खिळा काढला आणि एका भोकात खुपसला. पाण्याची चिळकांडी त्यांच्या बाहीवर उडाली.

"हे कोनं बुजवले?"

"मी. तुम्हीच लिहिलं होतंत, समदं बुजवा."

"बाकी समदं. भोकं खाली ठेवजा म्हनलं होतं न मी. कितीबी बुजवा सर, जुन्या गाडीत पानी घुसतेच. घुसलेल्या पान्याले भाईर जायले वाट लागते. वाटच बंद केली, मंग ते भितीत बसलं अन् लाकूड खाल्लं."

"खालीच ठेवली आहेत ती!"

"खाली, सर. म्हंजे..." नागोरावांना दुसरा शब्द चटकन सापडेना. त्यांनी हाताची रिकामी ओंजळ दाखवली. "खाली."

श्यामसुंदरराव त्या ओंजळीकडे बघत राहिले. चेहरा उतरला. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, अगदी त्यांनी मनात योजलं होतं तशाच. पण त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मग रिकामी असं लिहायचं," श्यामसुंदरराव शेवटी म्हणाले. "मराठीत शब्द आहे. पुण्यातल्या माणसानं काय समजायचं यावरून?"

"मले वाटलं ताईले त समजनच," नागोराव सरळ मनानं म्हणाले. "त्या आमच्याच तिकडच्या हायेत. म्हून त मी निश्चिंत गेलो." आणि बाईंच्या तोंडाकडे बघून ते एकदम थांबले. मग पट्टीचे स्क्रू बघण्याचं निमित्त करून गाडीच्या पलीकडे गेले.

"तुला माहीत होतं?" श्यामसुंदररावांचा आवाज चढला नव्हता.

"हो."

"चिठ्ठी वाचली तेव्हापासून?"

"सांगायला गेले होते. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"आणि त्यानंतरचे दोन महिने? माझी जीभ होती का तुझ्या तोंडात?"

बाईंना खूप काही सांगायचं होतं. येऊन कुठे राहिलीस, तिथपासून सुरुवात करायची होती. पण बारा अधिकांचा, सदतीस वर्षांचा हिशेब या एका गोष्टीपुढे लंगडा पडत होता, हे त्यांनाच कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून दोन आठवडे अधिक आहे. रेल्वेनं जाऊ या. दोघं. मी तुमच्या पाया पडते हवं तर."

"कशाला?" श्यामसुंदरराव म्हणाले. "तुला जायचं असतं तर तू बोलली असतीस."

मघाशी उतरलेला चेहरा पुन्हा जागेवर आला होता. चूक सापडली होती आणि ती त्यांची नव्हती. ते लंगडत आत गेले, फोनची डायरी काढली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतः अकोटला फोन लावला. बाई मागे धावल्या, तोवर तिकडून उचललाही होता.

"दुर्गाताई, नमस्कार. श्यामसुंदर बोलतोय. आमचं येणं रहित झालंय. नाही, नाही, मी तयार होतो. गाडी घेतली, दोन महिने राबलो. मंदाकिनीच्याच मनात नव्हतं. हो. तिनं आत्ताच कबूल केलं. विचारा तिला." आणि त्यांनी फोन बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो कानाला लावला.

"मंदे," दुर्गाताई म्हणाली, "खरं होय काय व? तुले यायचंच नोतं?"

"तसं नाही गं ताई."

"मंग कसं?"

"एक चिठ्ठी होती. त्यात लिहिलेलं मला समजलं होतं, पण मी यांना सांगितलं नाही, आणि त्यामुळे..." बाई थांबल्या. बोललेलं त्यांनाच ऐकू येत होतं. स्वच्छ, नेमकं, आणि काडीचाही अर्थ नसलेलं. दुर्गाताईला समजेल असं हे कसं सांगायचं, याचे शब्द त्यांच्याजवळ होते एके काळी. त्या शोधू लागल्या.

"राहू दे बाई," दुर्गाताई म्हणाली. "समजलं मले." आणि तिनं फोन ठेवला.